ताईंच्या चाकूची धार

ताई गेल्याचा फोन मला कुणाचा आला नाही, तो मीच सगळ्यांना केला. सीवूड्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले, तर त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या होत्या, चष्मा नाकावर तसाच, पेपर मांडीवर. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर धावत आले, त्यांनी मान हलवली. हे, म्हणजे माझे यजमान आणि ताईंचे धाकटे भाऊ, जे सोफ्यावर बसले ते उठेचनात, आणि फोनची डायरी आपसूक माझ्या हातात आली. एकेक नंबर लावत गेले. गंमत म्हणजे... गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही... ज्याला फोन करावा तो दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला ताईंच्या चाकूवर यायचा. "अगं, आमच्या वास्तुशांतीला तोरणाचे दोरे त्यांनीच कापले होते त्या चाकूने!" "वहिनी, त्या लिफ्टमध्ये अडकल्या होत्या तेव्हा आत बसून सगळ्यांना सफरचंद कापून दिलं होतं, आठवतं?" आणि मग हमखास, "तो चाकू कुठे असतो आता?" मी म्हणायचे, "आहे, माझ्याकडे आहे." आणि घाईघाईने पुढचा नंबर लावायचे.

चाकू माझ्याकडे होता हे खरंच होतं. पण तो माझ्याकडे कसा आला, हे मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही. यांनाही नाही. आता दीड महिना होऊन गेला. भेटायला येणारे थांबले, सतरंज्या परत गेल्या, आणि लोक मला म्हणतात, "तुम्ही नणंदेचं किती केलंत हो!" ते ऐकलं की मला उठून आत जावंसं वाटतं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

शालिनीताई माझ्याहून तेरा वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नाही. घर दोघा बहीणभावांनी मिळून घेतलेलं, त्यामुळे त्या आमच्याकडे राहायच्या असं म्हणण्यापेक्षा मीच लग्न होऊन त्यांच्या घरात राहायला आले असं म्हणणं जास्त बरोबर. रबाळ्याला विजेची बटणं बनवणाऱ्या एका कारखान्यात त्या स्टोअर्समध्ये होत्या. आलेली खोकी उघडायची, माल तपासायचा आणि प्रत्येक खोक्यातला एक नमुना बाजूला काढून जपून ठेवायचा, हे त्यांचं काम. खोकी उघडायला कारखान्याचा चाकू होता, पण तो हवा तेव्हा कधी जागेवर नसायचा, आणि दुसऱ्याच्या वस्तूसाठी ताटकळत उभं राहणं ताईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी स्वतःचा घेतला. आता पंचाईत अशी की बायकांच्या कपड्यांना खिसाच नसतो, तर खिशातला चाकू ठेवायचा कुठे? ताईंनी शिंप्याला परकराला आतून खिसा शिवायला लावला. पुढे पंजाबी ड्रेस आले तेव्हा कुर्त्याच्या उजव्या शिवणीत. शिंपी म्हणाला, "मोबाइलसाठी का, ताई?" त्या म्हणाल्या, "मोबाइल हरवला तर चालेल मला."

मी नवी नवरी होते तेव्हाचा एक प्रसंग. मोसंबी सोलायला मी त्यांचा चाकू मागितला आणि हात पुढे केला. त्यांनी तो माझ्या हातात दिला नाही, टीपॉयवर ठेवला आणि म्हणाल्या, "उचल." मला वाटलं, झालं, नणंदपणा सुरू! मग त्याच हसल्या. "अगं, चाकू हातात दिला की भांडण होतं म्हणतात. मी काही मानत नाही तसलं. पण आपल्यात व्हायचं ते होणारच आहे, त्यात चाकूची भर कशाला?" एरवी मांजर आडवं गेलं तर त्या मांजराला रस्ता द्यायच्या, पण हा एवढा नियम त्यांनी आयुष्यभर पाळला. घरात कुणालाही चाकू द्यायचा झाला की तो मध्ये कुठेतरी ठेवायचा आणि समोरच्याने उचलायचा.

त्या निवृत्त झाल्या आणि वर्षभरात जुन्या चाकूची स्प्रिंग गेली. पातं उघडं राहीना. तेव्हा नवा चाकू निवडण्याचा जो सोहळा झाला, तो मला अजून जसाच्या तसा आठवतो, कारण त्यात मी भरडली गेले होते. आधी आमच्या निखिलने, म्हणजे माझ्या मुलाने, परदेशातून एक लालभडक चाकू पाठवला. त्यात कात्री, करवत, बूच काढायचा स्क्रू, दात कोरायची काडी, काय वाटेल ते. ताईंनी त्यातलं एकेक पातं उघडून ओळीने पाहिलं आणि मिटून ठेवलं. "हा चाकू आहे की सरकारी कचेरी? खिडक्या डझनभर, आणि हवी ती उघडायला नख तुटतं." मग वाशी. हार्डवेअरच्या एकाच दुकानात आम्ही चार वेळा गेलो. एकदा तर ताई घरून पिशवीत पेरू, पेपरचा तुकडा आणि सुतळी घेऊन आल्या. मी शरमेने गल्ल्यापासून लांब, रंगाच्या डब्यांपाशी उभी. त्या मात्र निवांत. प्रत्येक चाकू कानाशी धरून हलवायचा, आत खुळखुळ नको. अंगठ्याच्या एका नखाने उघडायला हवा, कारण दुसऱ्या हातात नेहमी काहीतरी असतंच. मिटल्यावर मुठीत पूर्ण मावायला हवा. "दिसला की लोक घाबरतात, आणि आपल्याला पेरू कापायचा असतो." शेवटी पेरू. पातं बियांशी अडखळलं की तो चाकू बाद. शेठ शेवटी वैतागून म्हणाला, "मावशी, चाकू बघताय की जावई?"

"जावई असता तर इतका वेळ नसता घातला," ताई म्हणाल्या. "तो काय मला रोज खिशात घेऊन फिरायचाय?"

शेठ इतका हसला की त्याने स्वतः माळ्यावरून एक जुना खोका खाली काढला. त्यात शिसवी मुठीचा, चार बोटं लांबीचा, अगदी साधा एकपाती चाकू निघाला. तो म्हणाला, "बघा, पण हा स्टेनलेस नाय. काळा पडणार, आधीच सांगतो." ताईंनी पेरूची शेवटची फोड कापली. आवाजसुद्धा आला नाही. "पडू दे काळा," त्या म्हणाल्या. "धार पटकन घेतो ना? मग झालं. गोऱ्या चाकूंना नुसता तोरा असतो."

त्यानंतर दहा-अकरा वर्षं तो चाकू त्यांच्या कुर्त्याच्या शिवणीत होता. दर रविवारी त्या आपला चहाचा कप पालथा घालायच्या आणि त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर पातं हळूहळू ओढायच्या, दहा वेळा या बाजूने, दहा वेळा त्या. मग पेपरची कड धरून एक पट्टी कापायच्या. पट्टी सरळ सुटली की चाकू मिटून आत. "धार असलेला चाकू सांगाल तिथेच जातो, सुनंदा. बोथट घसरतो आणि बोटात शिरतो." हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं असेल. सोसायटीत कुणाचं पार्सल उघडायचंय, कुणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय, कुणाला गणपतीच्या मखराचा थर्माकोल कापून हवाय, की सगळे खालच्या बाकावर ताईंपाशी. संध्याकाळी बाकावर त्यांचा दरबारच भरायचा. खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा राग यायचा. बेलापूरच्या ऑफिसातून आठ तास फायली उपसून मी घरी यायचे, स्वयंपाकाला लागायचे, आणि सोसायटीभर कौतुक कुणाचं, तर ताईंच्या चाकूचं! हे मी कधी तोंडाने बोलले नाही. पण होतं, मनात होतं. ते इथे लिहिलं नाही तर पुढचं सगळं खोटं होईल.

दोन वर्षांपूर्वी ताईंच्या हृदयाचं एक ऑपरेशन झालं आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. त्याच सुमाराला उजवा हात किंचित थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं, काळजीचं कारण नाही. मग यंदा उन्हाळ्यात एका दुपारी आंब्याच्या पेटीची दोरी कापताना चाकू निसटला आणि डाव्या अंगठ्याला लागला. जखम नखाएवढी, पण गोळ्यांमुळे रक्त थांबेना. दोन नॅपकिन भिजले. मी तिसरा शोधत घरभर धावले. ताई मात्र मलाच धीर देत होत्या, "अगं, घाबरतेस काय, अंगठा आहे, नळ नाही." संध्याकाळी निखिलचा फोन आला. "आई, तो चाकू काढून घे ना त्यांच्याकडून. सरळ सांग." सरळ सांग! यांना म्हटलं, तुम्ही सांगा, बहीण तुमची आहे. हे म्हणाले, "माझी काय बिशाद?" आणि बातम्या लावल्या. सांगायची तर माझीही छाती नव्हती. त्या नाही म्हणाल्या असत्या, मग मी आवाज चढवला असता, मग पस्तीस वर्षांत झालं नाही ते झालं असतं.

मग मी दुसराच मार्ग शोधला. ताई आंघोळीला गेल्या की चाकू टीपॉयवर असायचा. मी तो उघडला, स्वयंपाकघरात नेला आणि लोखंडी खलबत्त्याच्या काठावर पातं आडवं धरून घासलं. चार-पाच वेळा. कर्र असा आवाज आला, दात शिवशिवले. चाकू पुसला, मिटला, होता तसा परत ठेवला. बोथट चाकूने लागणार नाही, लागलं तरी खोल जाणार नाही, असं मी स्वतःला समजावलं. बोथट चाकूबद्दल त्या काय सांगायच्या ते मला तोंडपाठ होतं, तरी समजावलं. काळजी होती, हे शपथेवर सांगते. पण ती काळजी निर्मळ नव्हती. घासताना मला कुठेतरी बरंही वाटलं होतं.

त्या दिवशी दुपारी पेरू कापायला बसल्या आणि पातं सालीवरून घसरलं. त्यांनी चाकूकडे पाहिलं, अंगठा फिरवला आणि पेरू तसाच ताटलीत ठेवला. दोन दिवसांनी मी पाहिलं तर धार परत आलेली! रविवार नव्हता, मला कप पालथा घातलेला दिसला नव्हता, पण धार होती. मी पुन्हा खलबत्ता काढला. असं किती वेळा झालं? मी मनाशी धरून चालले होते, तीन वेळा, फार तर चार. त्या लावायच्या, मी घालवायचे. पावसाळाभर आमच्यात हे चाललं, आणि जेवणाच्या टेबलावर आम्ही एकमेकींना भाकरी वाढत होतो.

मला वाटलं होतं, कंटाळून चाकू ठेवून देतील, संपलं. पण एके दिवशी त्या सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "सुनंदा, सकाळी लावलेली धार दुसऱ्या दिवशी राहत नाही गं. हात थरथरला की पातं तिरकं पडतं. खोटी धार येते. वरवर कापते आणि मोडून जाते." मी भाजी चिरत होते. म्हटलं, "चाकू जुना झाला असेल." "चाकू नाही," त्या म्हणाल्या, "हात." आणि त्यानंतर एकेक गोष्ट सुटत गेली. सुईत दोरा ओवायला मला हाक. बँकेच्या कागदावर सही करायची तर "तूच बघ गं, माझी जुळायची नाही." चुलत बहिणींना पत्रं लिहायच्या, ती बंद. मग खाली बाकावर जाणं बंद. पोरं दारात पार्सल घेऊन यायची, ताई आतूनच सांगायच्या, "कात्रीने कापा रे, आता माझा हात नाही चालत." हात होता तसाच होता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं. पण डॉक्टरांवर त्यांचा विश्वास कमी आणि चाकूवर जास्त, आणि चाकू रोज त्यांना सांगत होता की बाई, तू संपलीस. चाकूच्या तोंडी ते मी घातलं होतं.

तरी एक संधी मला मिळाली होती. करावे गावात आमची नेहमीची मासेवाली आहे, जनीबाई. ताई आणि ती विळीच्या धारेवर अशा गप्पा मारायच्या जशा इतर बायका दागिन्यांवर मारतात. एका सकाळी ताई म्हणाल्या, चल, जनीला चाकू दाखवू. आता काय म्हणून नाही म्हणू? जनीबाईने हात पदराला पुसले, पातं उन्हात धरलं, अंगठ्याने चाचपलं.

"ताय, ही वापरून गेलेली धार नाय," ती म्हणाली. "पातं आडवं घासलंय कुनीतरी."

मी बोंबलांकडे बघत उभी राहिले. एक वाक्य बोलायचं होतं. तिथे, त्या बाजारात, बोलले असते तर ताई चार दिवस रागावल्या असत्या, कदाचित महिनाभर. ताईच बोलल्या. "कुणी कशाला घासेल गं? मीच वेडंवाकडं घासत असेन कपावर." जनीबाईने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. तिने चाकू मिटून परातीच्या कडेला ठेवला आणि ताईंनी उचलला.

घरी आल्यावर ताईंनी चपला काढल्या, माझ्यासमोर येऊन बसल्या आणि शिवणीतल्या खिशातून चाकू काढून टीपॉयवर ठेवला. "तुझ्याकडे ठेव. खिशात नुसतं वजन कशाला..." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या, शांतपणे. मी चाकू उचलला आणि म्हटलं, "बरं." एवढंच. पस्तीस वर्षांच्या नात्यात मला त्या क्षणी एवढाच शब्द सुचला.

पुढे तीन आठवड्यांनी त्या गेल्या. त्यांच्या जाण्याशी चाकूचा संबंध नव्हता, हृदय थकलेलंच होतं, हे डॉक्टरांनी सांगितलंय आणि मलाही ते पटतं. पण शेवटचे ते दिवस त्या खुर्चीत हात मांडीवर घेऊन, ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसे ठेवून, बसून असायच्या. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. या दीड महिन्यात मला एकाच गोष्टीचा आधार होता. मी स्वतःला सांगत होते, ताईंना कळलं होतं. आयुष्य माल तपासण्यात घालवलेली बाई, तिला जनीबाईचं म्हणणं कळणार नाही? त्यांनी ओळखलं, मला चारचौघांत उघडं पाडलं नाही, आणि चाकू समोर ठेवून गप्प राहिल्या. म्हणजे माफ केलं. त्यांचं ते बघणं मी रोज आठवायचे आणि त्यात माफी शोधायचे. सापडायचीही.

मागच्या आठवड्यात त्यांचं कपाट आवरायला घेतलं. वरच्या खणात घडीच्या साड्यांमागे एक कप होता. कान तुटलेला पांढरा कप, मला वाटत होतं तो मी यंदा पावसाळ्याच्या तोंडाशीच फेकून दिला. उचलून खालून पाहिलं तर बुडाची कड पांढरी उरलीच नव्हती. पातं ओढून ओढून सगळी करडी झालेली, रेघेवर रेघ. म्हणजे त्या स्वयंपाकघरात धार लावत नव्हत्या, तर इथे, दार लोटून, कुणाला दिसू नये म्हणून. आणि कपात पेपरच्या पट्ट्या होत्या. प्रत्येक धारेनंतर कापलेली एक पट्टी. स्टोअर्सची सवय, नमुना जपून ठेवायचा. मी तीन-चार वेळा धरून चालले होते ना? कप गच्च भरलेला होता. जेवढ्या पट्ट्या तेवढ्या वेळा मी खलबत्त्यापाशी उभी होते, आणि त्यातल्या बहुतेक वेळा मला आठवतसुद्धा नाहीत.

ज्याला कळलं आहे तो माणूस असा कप भरत नाही. ताईंना काही कळलं नव्हतं. त्या खरोखरच समजत होत्या की हात गेला, आणि तो परत यावा म्हणून दार लोटून रोज प्रयत्न करत होत्या. टीपॉयवर चाकू ठेवला तेव्हा त्यांच्या नजरेत माफी नव्हती, ती हार होती. मी पट्ट्या पलंगावर ओतल्या आणि एकेक उजेडात धरून पाहिली. सगळ्या सरळ. पट्टीने रेघ मारून कापाव्यात तशा, एकीलाही ओरखडा नाही. खोटी धार नव्हती ती. थरथरत्या हाताने त्या दर वेळी खरीच धार आणत होत्या, आणि हे त्यांना सांगू शकणारी या जगात मी एकटीच होते.

काल दुपारी घरात कुणी नसताना मी तो कप पालथा घातला. चाकू उघडला, पातं त्या करड्या कडेवर टेकवलं आणि त्या ओढायच्या तसं ओढलं, दहा वेळा या बाजूने, दहा वेळा त्या. पुन्हा दहा, पुन्हा दहा. माझा हात जराही थरथरत नाही. मग पेपर घेतला, कड धरली आणि पातं लावलं.

पट्टी फाटली.